सैनिकाच्या नावाचं पाकीट: ब्लॅक रायफल कॉफीचा हिशेब

मावसभाऊ अमेरिकेत, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओला राहतो. त्याने कॉफीच्या पाकिटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, बारा औंसाला सोळा डॉलर. शेजारचे माजी मरीन सैनिक म्हणतात, आपल्या लोकांची कंपनी आहे. घेऊ का? तुला हिशेब कळतो."

हिशेब कळतो हे खरं. कारखान्यांचे उत्पादनखर्च तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. साबणाच्या वडीत किती साबण आणि किती जाहिरात, हे काढायची सवय जडली आहे. कॉफीच्या पाकिटात तर तिसरीच एक वस्तू भरलेली होती: सैनिकाबद्दलचा आदर. तिचा दर कसा लावायचा? एका ओळीत उत्तर जमेना, म्हणून हे सविस्तर प्रकरण मांडलं.

कंपनी आहे ब्लॅक रायफल कॉफी. स्थापना २०१४, मुक्काम युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी. संस्थापक इव्हान हेफर हे अमेरिकी लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमधले, म्हणजे ग्रीन बेरे. इराकवरच्या २००३ च्या स्वारीत त्यांनी गाडीत कॉफी दळायचं यंत्र बसवून घेतलं होतं, ही कंपनीची लाडकी कथा. त्यांच्या जोडीला आले मॅट बेस्ट, पूर्वीचे आर्मी रेंजर, म्हणजे लष्कराच्या कमांडो तुकडीतले. यूट्यूबवर सैनिकी विनोदाच्या चित्रफिती करून त्यांनी मोठा चाहतावर्ग जमवला होता. जॅरेड टेलर हवाई दलातले. या दोघांचा टी-शर्टांचा धंदा आधीपासून चालू होता. म्हणजे कॉफी बाजारात यायच्या आधीच ती विकत घेणारी मंडळी जमलेली होती. आपल्याकडे लोक आधी दुकान थाटतात आणि मग गिऱ्हाईक शोधत बसतात. इथे गिऱ्हाईक आधी आलं, माल मागाहून.

'ब्लॅक रायफल' हे तिकडच्या काळ्या लष्करी रायफलीचं रोजच्या बोलण्यातलं नाव. कॉफीच्या प्रकारांची नावंही त्याच घराण्यातली: सायलेन्सर स्मूद, गनशिप, एके-४७ एस्प्रेसो. अमेरिकी सैनिकाच्या कंपनीने आपल्या एस्प्रेसोला शत्रूच्या हातातल्या रशियन बंदुकीचं नाव द्यावं, याची मला गंमत वाटली. पण नाव विकलं जातं हे त्यांना कळत होतं.

हे नाव तिकडे का चालतं, ते थोडं समजून घ्यायला हवं. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये थांबली. तेव्हापासून सैन्य स्वेच्छेचं, आणि लोकसंख्येच्या मानाने अगदी लहान. बहुतेक घरांतून कोणी सैन्यात नसतं. मग दुकानात, विमानतळावर गणवेश दिसला की लोक "तुमच्या सेवेबद्दल आभार" म्हणतात आणि पुढे जातात. त्या आभारांत थोडा संकोचही असतो, आपण घरी बसलो आणि हा गेला, असा. माजी सैनिकाच्या नावाचं पाकीट घेतलं की तो संकोच सोळा डॉलरांत थोडा हलका होतो.

आता पाकीट उघडू.

बारा औंस म्हणजे ३४० ग्रॅम. एका कपाला पंधरा ग्रॅम कॉफी धरली तर बावीस-तेवीस कप निघतात. सोळा डॉलरला भागलं की कप पडतो सुमारे ७१ सेंटला. याच्याशी तुलना कशाची करायची, यावर सगळा निकाल फिरतो, आणि भावाचे शेजारी, भाऊ आणि भावजय हे तिघं तीन वेगवेगळ्या तुलना करत होते.

शेजारी तुलना करत होते कॅफेशी. तिथे कप साडेतीन-चार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, त्यामुळे ७१ सेंट म्हणजे फुकटच. पण हा युक्तिवाद घरी केलेल्या प्रत्येक कॉफीला लागू पडतो. ब्लॅक रायफलचं त्यात वेगळं श्रेय काही नाही.

भावजय तुलना करत होती दुकानातल्या दळलेल्या कॉफीच्या साध्या डब्याशी. अमेरिकी श्रमखात्याची सांख्यिकी कचेरी दळलेल्या कॉफीचा सरासरी दर दर महिन्याला काढते. २०२० च्या सुरुवातीला तो पौंडाला चार डॉलरच्या थोडा वर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ९.१४ डॉलर झाला. बारा औंस म्हणजे पाऊण पौंड, त्याचे झाले ६.८६ डॉलर, आणि कप पडला ३० सेंटला. म्हणजे ब्लॅक रायफलच्या कपाला सरासरीपेक्षा चाळीस सेंट जास्त. दोघांच्या घरात दिवसाला तीन कप धरले तर वर्षाला अठ्ठेचाळीस पाकिटं लागतील. फरक सुमारे ४४० डॉलरचा.

भावाची तुलना मला सगळ्यांत रास्त वाटली. त्याने सुपरमार्केटच्या त्याच फळीवर उभं राहून त्याच वजनाची, त्याच दर्जाचा दावा करणारी इतर पाकिटं पाहिली. मोठ्या ब्रँडांची दहा-बारा डॉलरला. गावातल्या छोट्या रोस्टरची, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याची, अठरा ते बावीसला. त्यांवर शेताचं नाव, उंची आणि भाजल्याची तारीख. ब्लॅक रायफल मधोमध. आणि एक मजेची गोष्ट त्याच्या ध्यानात आली: कंपनीच्या संकेतस्थळावर जे पाकीट सोळा-सतराला आहे, तशाच पाकिटाला मोठ्या दुकानात दोन-तीन डॉलर कमी पडतात. तेव्हा बंदुकीच्या नावाचा खरा अधिभार, फळीवरच्या शेजाऱ्यांच्या मानाने, पाकिटामागे दोन ते पाच डॉलर.

कच्च्या मालाकडे मी जरा जास्त वेळ रेंगाळलो, कारण खर्च तपासणाऱ्याची सुरुवात तिथूनच होते. कॉफीचं बी भाजलं की त्यातलं पाणी उडतं आणि वजन पंधरा-वीस टक्क्यांनी घटतं. पूर्वी घरी बुंददाणे विकत आणून भाजणाऱ्यांना हे ठाऊक होतं. पाऊण पौंड भाजलेली कॉफी हवी तर साधारण नऊ दशांश पौंड कच्चं बी लागतं. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका या वरच्या प्रतीच्या कॉफीचा भाव २०१९-२० च्या सुमारास पौंडाला एक-सव्वा डॉलरच्या आसपास होता. मग ब्राझीलमध्ये २०२१ च्या जुलैत दव गोठलं, त्यापुढे दुष्काळ पडला, व्हिएतनाममध्ये रोबस्टा हा स्वस्तातला प्रकारही कमी आला. २०२४ च्या अखेरीस भावाने १९७७ चा विक्रम मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चार डॉलरही ओलांडले. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क बसवलं. कॉफीला त्यातून सूट मिळाली नोव्हेंबरात.

याचा अर्थ असा की २०२० च्या सुमारास पाकिटातल्या बियांची किंमत जेमतेम एक डॉलर होती, ती २०२५ मध्ये साडेतीन झाली. चांगल्या दर्जाच्या बियांना वायद्यावर आणखी काही सेंट मोजावे लागतात, तेही धरा. सोळा डॉलरच्या पाकिटात बी चार डॉलरचं. उरलेले बारा भाजणं, पाकीट, वाहतूक, दुकानदाराचा वाटा, पगार आणि कथा यांत वाटले जातात. ही विभागणी फळीवरच्या प्रत्येक ब्रँडची कमीअधिक अशीच असते. म्हणून "चार डॉलरचा माल सोळाला विकतात" अशी हाकाटी करण्यात अर्थ नाही. पोह्याच्या प्लेटमध्ये पोहे कितीचे असतात?

चवीबद्दल थोडक्यात. कंपनी आपली बरीचशी कॉफी स्वतः भाजते, सॉल्ट लेक सिटीला आणि टेनेसीतल्या मँचेस्टर गावी. दुसऱ्याकडून भाजून घेऊन वर आपलं लेबल डकवणाऱ्या कितीतरी छोट्या ब्रँडांपेक्षा हे निश्चितच वेगळं. तिच्या यादीत मध्यम आणि गडद रोस्टचा, म्हणजे भाजणीचा, भरणा आहे. रोस्ट गडद होत गेला की बियांची मूळची चव, म्हणजे फळाचा आंबटपणा, फुलांचा वास वगैरे, भाजल्याच्या चवीखाली दबत जाते. काळी कॉफी चाखत पिणारा म्हणेल, मग एवढे पैसे कशाला. पण आमच्या भावाच्या घरी कॉफी होते निम्म्या दुधात, दोन चमचे साखर आणि सणासुदीला जायफळ घालून. दुधातून वर यायला कडक रोस्टच लागतो. तिथे इथियोपियातल्या कुठल्या टेकडीचं बी होतं हे दुधाला कळत नाही. त्याच कारणाने अठरा-बावीस डॉलरच्या पाकिटांचा विचार भावाने सोडून दिला, आणि योग्यच केलं.

एक मात्र बघायला सांगितलं: पाकिटावर भाजल्याची तारीख आहे की नुसतीच 'या तारखेपूर्वी वापरा'. मोठ्या दुकानांत पोचेपर्यंत कोणत्याही ब्रँडच्या पाकिटाचे आठवडे, कधी महिने जातात. घरपोच मागवलेलं सहसा ताजं असतं. त्या दोन-तीन डॉलरच्या फरकात थोडा ताजेपणाही आहे, हे विसरून चालणार नाही. आणि यंत्रात घालायच्या छोट्या डब्या घेणार असाल तर वर मांडलेलं गणित विसरा. डबीत दहा-बारा ग्रॅमच कॉफी असते, त्यामुळे ग्रॅमचा दर आणखी चढतो. तिथे पैसे जातात सोयीचे.

आता तिसरी वस्तू.

"आपल्या लोकांची कंपनी", असं शेजारी म्हणाले होते. मला पहिला प्रश्न पडला, कंपनीचे मालक कोण. अमेरिकी सरकारी कंत्राटांसाठी 'माजी सैनिकांच्या मालकीचा व्यवसाय' याची कायदेशीर व्याख्या आहे: किमान ५१ टक्के मालकी आणि कारभाराचा ताबा माजी सैनिकांकडे हवा. तसा दाखला २०२३ पासून लघुउद्योग प्रशासन देतं. पण तो दाखला कंत्राटासाठी असतो. कॉफीच्या पाकिटावर काहीही छापायला तो लागत नाही.

ब्लॅक रायफल स्वतःची ओळख कशी करून देते ते शब्द नीट वाचले. ती स्वतःला माजी सैनिकांनी 'स्थापन केलेली' कंपनी म्हणवते. स्थापन केलेली आणि मालकीची यांत तेवढंच अंतर आहे जेवढं आजोबांनी बांधलेल्या वाड्यात आणि नातवाने विकलेल्या वाड्यात. इथे वाडा सगळा विकलेला नाही. संस्थापक अजून आत आहेत, हेफर संचालक मंडळाचे प्रमुख म्हणून. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअरबाजारात आली. आता तिचा तुकडा कोणीही घेऊ शकतो, पुण्यात बसलेला माझ्यासारखा ज्याने उभ्या आयुष्यात एनसीसीची परेडही चुकवली तोसुद्धा. जानेवारी २०२४ पासून मुख्याधिकारी आहेत ख्रिस मोंडझेलेव्स्की. यात फसवणूक काही नाही, शब्द अचूक वापरलेले आहेत. फक्त शेजाऱ्यांनी 'स्थापन' वाचलं आणि 'आपली' ऐकलं.

मालकी सोडली तरी नोकऱ्या आहेत. माजी सैनिकांना कामावर घेणं हा कंपनीचा खरा आणि चांगला उद्योग. मात्र इथे एक आकडा फार गाजला होता, तो तपासून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने काही देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी केली. स्टारबक्सने जाहीर केलं की पाच वर्षांत जगभरात दहा हजार निर्वासितांना नोकऱ्या देऊ. ब्लॅक रायफलने लगेच उलट घोषणा केली: आम्ही दहा हजार माजी सैनिकांना घेऊ. तिच्या चाहत्यांना ती कमालीची आवडली आणि कंपनीचं नाव देशभर झालं.

गंमत अशी की स्टारबक्सने २०१३ मध्येच दहा हजार माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार घ्यायचं ठरवलं होतं, आणि २०१७ च्या वसंतात ते पुरंही केलं. मग लक्ष्य पंचवीस हजारांवर नेलं. ब्लॅक रायफलची सगळी नोकरमंडळी मात्र शेकड्यांतच मोजण्याइतकी राहिली, दहा हजार हा आकडा तिच्या आवाक्यातला कधी नव्हताच. अर्थात स्टारबक्स अवाढव्य कंपनी आहे. तिच्या पसाऱ्यात दहा हजार म्हणजे पाण्यात टाकलेलं मीठ, आणि छोट्या कंपनीतले निम्मे कर्मचारी माजी सैनिक असले तर त्यांना कामाच्या जागी घरासारखं वाटतं, ही गोष्ट आकड्यात बसत नाही. पण शेजाऱ्यांची कसोटी 'कोणाच्या पगारपत्रकावर माजी सैनिक जास्त' अशी असती, तर त्यांना स्टारबक्समध्येच जावं लागलं असतं.

पाकिटामागे किती सेंट माजी सैनिकांच्या कल्याणासाठी जातात, हे पाकिटावर लिहिलेलं नाही. कंपनी डेलावेअर राज्याच्या कायद्याखाली 'सार्वजनिक हिताची कंपनी' म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे नफ्यासोबत सैनिक, माजी सैनिक आणि आपत्तीत धावून जाणारे कर्मचारी यांचं हित पाहणं तिच्या घटनेतच आहे, आणि किमान दोन वर्षांतून एकदा त्याचा लेखाजोखा भागधारकांना द्यावा लागतो. हे चांगलंच आहे. तरी शाळेत सात डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा छातीवर लावायचा झेंडा घेताना आम्हाला जे कळत होतं ते इथे कळत नाही. तो कागदाचा झेंडा होता, त्याची स्वतःची किंमत शून्य होती, आणि दिलेला प्रत्येक पैसा कुठे जाणार ते ठाऊक होतं. कॉफीच्या पाकिटात झेंडा आणि माल एकत्र दळून भरलेले आहेत.

आपल्याकडच्या कॅन्टीनची आठवण आली ती याच संदर्भात. फौजी माणसाला इथे तेल, साबण, फ्रिज बाजारापेक्षा स्वस्त मिळतो, आणि गावातल्या चार जणांना त्याचं कार्ड हवं असतं. तिकडेही लष्करी तळांवर तशी दुकानं आहेत. ब्लॅक रायफलचा व्यवहार बरोबर उलटा: सैनिकाच्या नावाने साध्या नागरिकाने दोन-पाच डॉलर जास्त द्यायचे.

ते दोन-पाच डॉलर जातात कुठे, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा. कंपनीचे वार्षिक आकडे जाहीर असतात. २०२० मध्ये विक्री सुमारे १६.४ कोटी डॉलर, २०२१ मध्ये २३.३ कोटी, २०२२ मध्ये ३०.१ कोटी, २०२३ मध्ये ३९.६ कोटी, २०२४ मध्ये ३९.१ कोटींच्या आसपास. चढती कमान, मग सपाटी. २०२४ मध्ये मालाचा थेट खर्च वजा जाता शंभर डॉलरमागे सुमारे एकेचाळीस डॉलर हातात उरले. एवढं हाताशी असलेल्या कंपनीने बक्कळ कमवायला हवं. प्रत्यक्षात त्या वर्षीही थोडा तोटाच झाला, आणि आधीची तीन वर्षं याहून वाईट होती. २०२२ चा तोटा ३३.८ कोटी दिसतो, पण त्यातला बहुतेक भाग शेअरबाजारात येण्याच्या व्यवहाराच्या कागदी नोंदींचा आहे, तो बाजूला ठेवला तरी तोटा उरतोच.

म्हणजे गिऱ्हाईक जास्त देतं आणि मालकाला उरत नाही. मग पैसे खातं कोण? कथा. चित्रफिती, जाहिराती, प्रायोजकत्व, स्वतःची कॉफी दुकानं, घरपोच पाकिटं पाठवणं आणि हे सगळं चालवणारी कचेरी. सैनिकांच्या कॉफीची कथा सांगत राहणं हे कॉफी भाजण्याहून खर्चिक काम आहे. साबणाच्या कारखान्यांत मी हे पाहिलं आहे. वडी तीच, सुगंधाचा खर्च नगण्य, आणि ज्या नटीचा फोटो वेष्टनावर तिचं मानधन तेलापेक्षा जास्त.

त्या कथेला आणखी एक छुपा खर्च असतो, तो २०२० च्या नोव्हेंबरात वसूल झाला. ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावी दंगलीच्या रात्री काइल रिटनहाउस या सतरा वर्षांच्या मुलाच्या गोळ्यांनी दोन माणसं मेली. पुढे, २०२१ मध्ये, ज्यूरीने स्वसंरक्षण मानून त्याला निर्दोष सोडलं. पण खटल्याआधी वीस लाख डॉलरच्या जामिनावर तो बाहेर आला तेव्हाच्या एका फोटोत त्याच्या अंगात ब्लॅक रायफलचा टी-शर्ट होता. डाव्या विचारांच्या लोकांकडून टीका झाली ती अपेक्षितच. कंपनीने खुलासा केला की आमचा त्याच्याशी काही संबंध नाही, आम्ही त्याचे प्रायोजक नाही. यावर कंपनीचे स्वतःचेच चाहते उसळले: आपल्या माणसाला टाकून दिलंत! पाकिटं टाकून देण्याच्या, घरपोच कॉफीची वर्गणी बंद करण्याच्या घोषणा झाल्या. पाठोपाठ ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसद भवनावरच्या हल्ल्यात हात बांधायचे प्लास्टिकचे बंध घेतलेला जो माणूस जगभर दिसला, त्याच्या डोक्यावर याच कंपनीची टोपी होती.

माल विकणाऱ्याचं गिऱ्हाईक नाराज झालं तर दुसरा माल मागतं. ओळख विकणाऱ्याचं गिऱ्हाईक नाराज झालं तर त्याला विश्वासघात झाल्यासारखं वाटतं. कंपनीचा दोष असा की तिने टी-शर्ट विकला, आणि टी-शर्ट कोण घालेल यावर कोणत्याच दुकानदाराचा ताबा नसतो. नंतरची तिची वाटचाल मला या प्रसंगाच्या उजेडात समजते: वॉलमार्टसारख्या दुकानांच्या फळ्यांवर जाणं, छोट्या डब्यांसाठी क्यूरिग डॉक्टर पेपर या बड्या कंपनीशी करार, त्याच कंपनीच्या गाड्यांतून एनर्जी ड्रिंक. फळीवर आलं की पाकीट शेजारच्या पाकिटाशेजारी उभं राहतं आणि त्याला शेजाऱ्याच्या किमतीकडे बघावं लागतं. बंदुकीची कथा तीच राहिली, पण तिचा दर उतरला. भावाला दुकानात जे दोन-तीन डॉलर कमी दिसले ते हेच.

कथेची पूर्ण किंमत मोजणारा माणूस वेगळाच निघाला. २०२१ च्या नोव्हेंबरात स्वतःचा धंदा नसलेल्या, पण आधीच शेअरबाजारात नोंदलेल्या एका भांडवली कंपनीत विलीन होऊन बाजारात येण्याचा व्यवहार जाहीर झाला तेव्हा ब्लॅक रायफलचं मोल सुमारे १७० कोटी डॉलर धरलं होतं. शेअरचा पायाभाव दहा डॉलर. एप्रिल २०२२ मध्ये तो तीसच्या वर गेला. 'उजव्यांचं स्टारबक्स' ही उपाधी तोवर वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोचली होती, आणि लोक कॉफी न पिता ती उपाधी विकत घेत होते. २०२५ मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली आला. ज्याने तीस डॉलरला शंभर शेअर घेतले त्याचे तीन हजारांचे दोनशेही राहिले नाहीत. त्याच्यासमोर आमचा भाऊ पाकिटामागे तीन डॉलर जास्त देऊन निदान बावीस कप कॉफी तरी पितो.

एवढा हिशेब मांडून भावाला फोन केला. सांगितलं ते असं: वस्तू म्हणून ही ठीक मधल्या दर्जाची, स्वतः भाजलेली कॉफी आहे. तेराच्या आसपास मिळाली तर तिच्या जागी तिची किंमत योग्य. घरपोच सोळाला घेतलीस तर ताजेपणा आणि सोयीचे पैसे देतोयस, तेही चालेल. पण वरचे पैसे शेजाऱ्यांसारख्या माणसांकडे जातात अशा समजुतीवर घेऊ नकोस, कारण ते बहुतेक जाहिरातीकडे जातात. तो उद्देश असेल तर वर्षाचा तो २४० डॉलरचा फरक, म्हणजे मोठ्या ब्रँडची अकराची पाकिटं आणि ही सोळाची यांतला, सरळ तुमच्या गावातल्या माजी सैनिकांच्या एखाद्या संस्थेला दे. सॅन अँटोनिओत लॅकलंड आहे, फोर्ट सॅम ह्यूस्टन आहे, दोन्ही लष्करी तळ, तेव्हा संस्थांना तोटा नाही. आणि खरोखर माजी सैनिकाची मालकी हवी असेल तर शनिवारच्या बाजारात विचारून बघ, कोणी स्वतः भाजणारा एकटादुकटा असेल तर तोच कढईपुढे उभा असतो, मालक कोण हे विचारावंच लागत नाही.

भाऊ म्हणाला, "पण दादा, त्यांना वाईट वाटेल ना? इतक्या आपुलकीने सांगितलं त्यांनी."

हा मुद्दा माझ्या कोष्टकात नव्हता. शेजाऱ्याशी संबंध चांगले राहण्याची किंमत वर्षाला काय धरायची? मी म्हटलं, एक पाकीट घे, त्यांना घरी बोलव, आपल्या पद्धतीने करून दे.

पुढच्या रविवारी त्याने तसं केलं. दूध आटवून, जायफळ किसून. शेजारी दोन कप प्यायले. मग पाकीट पाहून हसले आणि म्हणाले की ते स्वतः रोज तळावरच्या दुकानातला मोठा डबा वापरतात, सगळ्यांत स्वस्त असतो तो. ब्लॅक रायफलचे त्यांच्याकडे चार टी-शर्ट आहेत.

भावाने विचारलं, जायफळ पुण्याहून कधी पाठवतोस. घरातलं संपलं होतं.